शालूच्या घडीतली पुडी

“तुमच्या यजमानांनी त्यांच्या गोळ्या घेतल्या होत्या ना?”

डॉक्टरीणबाईंनी सुनेला विचारलेल्या या साध्या प्रश्नानं तानाबाईंच्या छातीत धस्स झालं... शाहूपुरीतल्या त्या दवाखान्यात सून संयोगिता तापानं फणफणत, ओटीपोट दोन्ही हातांनी दाबून पडली होती. पायथ्याशी उभा असलेला लेक राजवर्धन चक्रावला.

“कसल्या गोळ्या? मला कोण काय बोललंच न्हाई की!”

तीन महिन्यांपूर्वी याच बाईंनी किती समजावून सांगितलं होतं! गर्भाशयाला, नळ्यांना सूज आहे; नवऱ्याला काही त्रास नसला तरी जंतू त्याच्याही अंगात असू शकतात; औषध दोघांनी घ्या, नाहीतर दुखणं उलटेल, नळ्या बंद झाल्या तर मूल राहणं अवघड... संयोगितानं लाजून नवऱ्याची पुडी सासूच्या हाती दिली होती. “आत्ती, तुम्हीच द्या त्यास्नी. माझ्या तोंडातनं शब्द फुटायचा न्हाई.”

आणि तानाबाईंनी काय केलं? माझ्या पोराला कसलं आलंय असलं दुखणं, म्हणत ती पुडी ट्रंकेत, शालूच्या घडीत दडवली; वर सुनेला सांगितलं, “घेतल्या गं त्यानं.”

“माझंच चुकलं,” संयोगिता क्षीण आवाजात म्हणाली. “मीच द्यायची इसरले.”

“इसरलीस? औषिध काय इसरायची चीज हाय व्हय?” राजवर्धन खवळला. “डोस्कं ठिकाणावर हाय का तुझं?”

तिनं एकदाच सासूकडं पाहिलं... त्या नजरेत राग नव्हता, आणि तानाबाईंना लख्ख उमगलं! गौरीला नेसवायला शालू काढला, तेव्हा हिनं पुडी पाहिली होती. घरात बोभाटा नको म्हणून पुन्हा घडीत ठेवली होती!

तानाबाईंना आपली पंचविशी आठवली. नेसरी गावच्या गोठ्यात शेणाची पाटी उचलताना अशीच कळ यायची. अंगावरून जायचं, ते कुणाला सांगायचं? सासूनं पोटाला फडकं आवळून कामाला लावलं होतं. राजवर्धननंतर पुन्हा दिवस गेलेच नाहीत... आणि तीच शरम आपण या पोरीच्या पदरात बांधली!

“तिला बोलू नगंस, राजा!” त्यांचा आवाज फाटला. “पुडी मी लपवली. तुझ्या आईनं!”

राजवर्धननं मान खाली घातली. बाईंनी नवी चिठ्ठी लिहिली. त्यानं खालच्या औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या आणि बायकोसमोर पहिली गिळली. पाण्याचा गिलास तानाबाईंनीच दिला.

“आत्ती, बसा हितं.” संयोगिता जराशी सरकली.

“कुठल्या तोंडानं बसू गं?”

“बसा की! आन् तुमचं दुखतंय ते बी सांगा बाईंस्नी. वाकताना रोज बघते मी.”

बाई पेन उघडून थांबल्या होत्या. तानाबाई सांगू लागल्या... लाजेनं त्यांची मान वर होत नव्हती. पण सुनेचा तापलेला हात त्यांच्या हातात होता.