रत्नाची मूठ

बेल्ह्याच्या बाजाराला मी त्या दिवशी पहिल्यांदाच ह्यांच्याबरोबर गेले होते. टेम्पोत पोळपाट, लाटणी, ताक घुसळायच्या रव्या, पाळण्याला टांगायचे रंगीत पोपट. आमचा कातारकामाचा धंदा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटारीवरचा लेथ आहे. लाकूड त्यावर गरगर फिरतं आणि हे पटाशी लावून त्याला आकार देतात. मी ताडपत्री अंथरून माल मांडला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, मिरवायची हौस होती, खोटं कशाला बोलू?

एक ओळखीची गिऱ्हाईक बाई आली. तिनं लाटणं उचललं, उजव्या मुठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ह्ये रत्नाचंच माप ना, गेणूभाऊ? लई भारी हात बसतो बगा."

हे हसले. माझ्याकडे बघून कधी हसले नव्हते, तसे.

रत्ना म्हणजे ह्यांची पहिली बायको, काविळीनं गेलेली. माझ्या सासूची, साळुबाईंची, ती सख्खी भाची. म्हणून ती त्यांना आत्या म्हणायची. मी आई म्हणते. रत्नाच्या नावाचा चांदीचा टाक लग्नातच माझ्या गळ्यात आला. सवतीचा मान म्हणून तो मी सोसला. पण लाटण्याचं काय? आमच्याकडे घरच्या बाईच्या मुठीला बसेल असं एक लाटणं करून लेथजवळ टांगतात. तो नमुना. पुढचा सगळा माल त्याच्याच मापानं निघतो. रत्नाची उजवी करंगळी लहानपणी मोडून आत वळलेली, म्हणून नमुन्याची उजवी मूठ बारीक आणि आखूड. गावोगावच्या बाया तिचं माप हातात धरून चपात्या लाटत होत्या, आणि मी जिवंत बायको घरात असून माझं माप कुठंच नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला. अजूनही होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे लाकूड बघायला जुन्नरला गेले. मी नमुना खिळ्यावरून काढला आणि चुलीत घातला. वर्षानुवर्षं वाळलेलं शिसव, पण पेटेना. नुसता धूर... आणि त्या धुराला माक्याच्या तेलाचा वास. आमच्या घरात ते तेल आता कुणी लावत नाही.

ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या, "वैजू, कोण न्हालं गं आज? माक्याचा वास येतोय..."

"कुणी न्हाई, आई."

तेवढ्यात लाकडानं पेट घेतला. त्याची राख होईपर्यंत मी चुलीपुढून उठले नाही.

हे आले, तेव्हा मीच तोंडावर सांगितलं, "जाळला. आता माझ्या हाताचा करा."

ह्यांनी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हात उगारतील. पण म्हणाले, "बरं. मूठ दे." माझ्या मुठीला दोरा गुंडाळून माप घेतलं आणि मोटार चालू केली. मी शेजारीच उभी राहिले. म्हटलं, ह्यांचा हात सवयीनं तिकडे वळला, तर तिथंच टोकेन.

मधेच लाईट गेली. मोटार थांबली. शेडमध्ये एकदम शांतता झाली. ह्यांनी पटाशी खाली ठेवली. लाकूड मात्र फिरत राहिलं... सावकाश, आवाज न करता. आणि त्याच्या उजव्या टोकाचा कीस सुटून माझ्या पायावर पडत होता.

"अहो..." मी म्हणाले. "बघताय ना?"

लाईट आली, तसे हे वळून कामाला लागले.

लाटणं तयार झालं. उजवी मूठ बारीक आणि आखूड.

"ही तिचीच मूठ!" मी ओरडले. "मला येडी समजता का?"

"तुझ्याच दोऱ्यानं मोजलंय. धरून तर बग."

मी धरलं, आणि ते बसलं. जन्मभर तेच वापरत आल्यासारखं बसलं. मग माझं लक्ष गेलं. करंगळी आत वळून मुठीवर टेकली होती. मी ती सरळ करू लागले. होईना. दुखतही नव्हती.

हे माझ्याकडे बघून हसले. बाजारात हसले होते, अगदी तसे. खरं सांगू? क्षणभर मला बरं वाटलं. इतके महिने मी त्याच हसण्यासाठी तर जळत होते. मग वाटलं, हे हसले कुणाकडे बघून?

संध्याकाळी त्याच लाटण्यानं चपात्या केल्या. सासूबाई ओसरीवर जेवत होत्या. पहिला घास तोंडात गेला आणि त्यांनी ताटातली चपाती उलटून पाहिली. मग हाक आली.

"अजून एक आण गं. लई दिसांनी अशी चपाती खाल्ली."

"आणते, आत्या."

आवाज माझाच होता. मी मात्र तोंड उघडलं नव्हतं.