जाळीतला घास कुणी खाल्ला?

मिरचीने हातातलं खुरपं जमिनीवर आपटलं.

"कुरण बंद करणार म्हणजे? आम्ही आठ दिवस इथे तण काय गंमत म्हणून उपटतोय?"

मावशी पाचोळा पसरत राहिली. मावशी या जंगलाची वनरक्षक. उन्हाळ्यात रानातलं गवत करपलं, की हरणांचे हाल होतात. म्हणून तिने हे कुरण राखलं होतं आणि त्यात लसूणघास पेरला होता. सुट्टीला आलेली तिन्ही भाचरं रोज सकाळी तिच्या हाताखाली राबत. बारा वर्षांची मिरची, तिचा धाकटा भाऊ कासव आणि मावसभाऊ रेडिओ. मिरचीच्या नाकावर सदा राग, कासवाचं सगळं सावकाश, आणि रेडिओचं बटण कुणालाच सापडलेलं नव्हतं!

पण घास वाळत चालला होता. गेल्या पंधरा दिवसांत निम्मं कुरण पिवळं पडलं होतं.

"उद्या सकाळी सातला जंगलखात्याच्या मोठ्या मॅडम येतायत," मावशी म्हणाली. "विश्रामगृहाच्या मॅनेजरने वर कळवलंय, की कुरण वाया गेलंय आणि मी पाणी देत नाही."

"त्याला काय करायचंय?" मिरची उसळली.

"त्याचं म्हणणं, कुरण बंद करा. हरणं त्यांच्या हिरवळीवर चरतील, पाहुण्यांनाही बघायला मिळतील."

"आणि मधला रस्ता?"

मावशीचा चेहरा उतरला. तीन दिवसांपूर्वी त्याच रस्त्यावर एक पाडस गाडीखाली गेलं होतं. कासव रोज हरणं मोजायचा. आधी बारा होती, आता अकरा. मॅनेजर तेव्हा व्हरांड्यातून म्हणाला होता, "जनावरंच ती! बघून चालता येत नाही." आता सांगा, राग येणार नाही तर काय येणार?

"हरणांनीच घास फस्त केला असेल," रेडिओ म्हणाला. "म्हणजे बघा, अकरा हरणं, प्रत्येकी समजा..."

"नाही," कासव म्हणाला.

तो कुरणाच्या मधोमध मांडी घालून बसला होता. त्याच्यासमोर टोपलीएवढा तारेच्या जाळीचा पिंजरा पालथा ठोकलेला होता. मावशीने पहिल्याच दिवशी समजावलं होतं, की जाळीतल्या घासाला हरणाचं तोंड पोचत नाही. आतला आणि बाहेरचा घास ताडून पाहिला, की हरणांनी किती खाल्लं ते कळतं.

"आतला घासही वाळलाय," कासव सावकाश म्हणाला. "आत कोण खाणार? हरणांनी खाल्लं असतं, तर जाळीत तरी हिरवं दिसलं असतं." त्याने पाचोळा बाजूला करून मातीत बोट खुपसलं. "कोरडी ठणठणीत! मावशी, पाणी इथे येतच नाहीये."

"असं कसं? मी रोज सहाला टेकडीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडते, गस्तीला जाते आणि आठला येऊन बंद करते."

"पण पाणी इथे पोचलेलं बघितलंस कधी?"

मावशीने कपाळावर हात मारून घेतला.

"नळ माझ्या हाताने उघडतेय ना, मग पाणी जाणारच, असं धरून चालले मी!"

मावशी टाकी बंद करायला टेकडीवर गेली आणि तिघं पाइपच्या कडेकडेने निघाले. अर्ध्या वाटेवर, विश्रामगृहाच्या कुंपणापाशी, ताजी उकरलेली माती होती आणि तिच्यावर लोखंडी झाकण. झाकणाला भलंमोठं कुलूप! कुंपणापलीकडे हिरवीगार हिरवळ, तिच्यावर सहा कारंजी थुईथुई नाचत होती. घड्याळात आठ वाजले, आणि सहाही कारंजी एकदम बसली.

"आठला!" रेडिओ ओरडला. "मावशीने टाकी बंद केली, आणि..."

"ए पोरांनो! निघा इथून!" मॅनेजर काठी नाचवत आला. "आमच्या बोअरच्या पाण्यावर नजर लावताय होय?"

मिरचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तोंड उघडणार, तेवढ्यात कासवाने तिचा फ्रॉक ओढला.

"भांडू नकोस. उद्या त्याला हेच मॅडमसमोर बोलू दे."

दुसऱ्या दिवशी सातला मॅडम आल्या. सुकलेलं कुरण पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मॅनेजर लगेच पुढे झाला. "बघा मॅडम, काय दशा केलीय! आणि आमची हिरवळ बघा. सगळं आमच्या स्वतःच्या बोअरवर!"

"नक्की बोअरवर?" मिरचीने विचारलं.

"शंभर टक्के!"

मिरचीने मावशीची गस्तीची शिट्टी तोंडाला लावली आणि जीव खाऊन फुंकली. फुर्रर्र!

काहीच झालं नाही. कारंजी नाचतच होती. मॅनेजर खो खो हसला.

"टाकीवर कासवाला कुणी पाठवलं?" रेडिओ कुजबुजला. "ते संध्याकाळपर्यंत व्हॉल्व्हपाशी पोचेल!"

"गप रे!"

आणि मग एक कारंजं वाकलं. दुसरं वाकलं. बघता बघता सहाही आडवी झाली!

"मॅडम, माझा भाऊ जंगलखात्याच्या टाकीवर उभा आहे," मिरची म्हणाली. "एक शिट्टी म्हणजे बंद, दोन म्हणजे चालू. यांची बोअर आमची शिट्टी कशी काय ऐकते, विचारा ना त्यांना!"

मॅडमनी हात पुढे केला. "दे ती शिट्टी."

त्यांनी स्वतः दोनदा फुंकली. थोड्या वेळाने कारंजी उसळली. एकदा फुंकली. कारंजी बसली. मॅनेजरची बोबडी वळली. "ते... म्हणजे... पाहुण्यांना हरणं जवळून..."

"जवळून?" मिरची कडाडली. "हरणांच्या तोंडचा घास पळवलात! भुकेने ती रस्ता ओलांडायला लागली! ते पाडस तुमच्यामुळे मेलं!"

कुणी तिला गप्प केलं नाही. मॅडमनी कुलूप उघडायला लावलं. आत जोड होता. कुरणाकडचा व्हॉल्व्ह घट्ट बंद, हिरवळीकडचा सताड उघडा.

"हे आत्ताच्या आत्ता तोडा," मॅडम म्हणाल्या. "आणि मॅनेजर, उद्या कार्यालयात हजर व्हा." मग त्या मावशीकडे वळल्या. "मी तुमच्यावर ठपका ठेवायलाच आले होते. चुकलं माझं. कुरण चालू राहील. आणि या मुलांचं कौतुक करावं तेवढं..."

"कौतुक नंतर करा!" मिरची म्हणाली. "आधी पाणी सोडा. आठला टाकी बंद होते!"

मॅडमनी घड्याळ पाहिलं, खाली वाकून कुरणाकडचा व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने फिरवला आणि शिट्टी दोनदा फुंकली.

सुट्टीच्या शेवटच्या सकाळी चौघं झुडपामागे दबा धरून बसले होते. कुरण पुन्हा हिरवं झालं होतं. जाळीतला घास गुडघाभर वाढला होता आणि बाहेरचा जेमतेम बोटभर, जागोजागी कुरतडलेला. आता मात्र हरणांनीच खाल्ला होता!

"पोरांनो, तुम्ही नसतात तर हे कुरण गेलं असतं," मावशी हळूच म्हणाली आणि तिने मिरचीच्या पाठीवर हात ठेवला.

कासवाने सावकाश, बोटावर मोजलं.

"अकरा. सगळी आली."

"बारा हवी होती," मिरची म्हणाली.