मायखडकाची राखण

वेळशेतच्या मच्छीमार सोसायटीत बर्फाच्या पेट्यांशेजारी आता समुद्रपंच बसला होता. दिसायला साधा पडदा. पण नव्या करारानं किनाऱ्यापासून पंचवीस मैलांपलीकडचा समुद्र सगळ्या जगाचा झाला होता आणि तिथला कुठला तुकडा कुणी वापरायचा, हे जागतिक आयोगाच्या वतीनं हे यंत्र ठरवत असे. त्याला कुठलीही भाषा चाले. वशिला मात्र चालत नसे, त्यामुळे बरीच मंडळी त्याच्यावर नाराज होती.

सोसायटीच्या अध्यक्षा चांगुणाबाई तांडेल यांनी त्या हद्दीपलीकडच्या मायखडकावर, मासे धरायच्या जागेवर, हक्क मागितला होता. त्याच जागेसाठी एका परदेशी कंपनीचाही अर्ज होता. बाईंनी आपल्या अर्जात अभिमानानं लिहिलं होतं, 'आमच्या सात पिढ्यांनी इथे कधीही जाळं टाकलेलं नाही.'

पंचानं पडद्यावर गावच्या होड्यांचे चाळीस वर्षांचे मार्ग काढले. शेकडो रेषा खडकापाशी येऊन वळसा घालून जात होत्या. मधलं वर्तुळ कोरं होतं.

"वापराचा पुरावा नाही," पंच म्हणाला. "वापर नाही, तर हक्क नाही."

"अरे, तिथं घोळ मासली अंडी घालते. म्हनून आमी जाली उचलून जातो. राखलं, म्हनून तं मासा हाय."

"राखण्यासाठी करारात कलम नाही. उद्या सूर्यास्तापूर्वी मासेमारी झाल्यास वापर धरता येईल. अन्यथा जागा कंपनीला."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हेच. आयोगाच्या अधिकारी मृणाल परचुरे शेजारीच बसल्या होत्या. कलम बदलायला किती दिवस लागतील, असं बाईंनी त्यांना विचारलं.

"मावशी, सगळ्या देशांच्या सह्या लागतात. कंपनीची जहाजं परवा निघतील."

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई स्वतः पुतण्याच्या होडीत बसल्या. मायखडकावर त्यांनी नारळ वाहिला, हात जोडले आणि जाळं सोडायला सांगितलं. त्यांना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही.

संध्याकाळी सोसायटीच्या फरशीवर घोळ मासे पडले होते, पोटं गाबोळीनं, आतल्या अंड्यांनी फुगलेली. पंचानं ते कॅमेऱ्यातून नीट पाहिले.

"हक्क मंजूर. दरवर्षी मासेमारी बंधनकारक. एक वर्ष चुकल्यास हक्क रद्द."

मृणाल परचुरेंनी टाळी वाजवायला हात उचलले होते, ते खाली घेतले.

चांगुणाबाई उकिडव्या बसल्या होत्या, एका माशाच्या पोटावर हात ठेवून.

"जागा आमची झाली," त्या पडद्याला म्हणाल्या. "पन दरसाल हे असंच आनून तुला दाखवायचं, तं मंग तिथं राखायला उरंल काय रे बाबा?"