बारा किलोंचा नादराज

एक कोडं घालते, बघा सुटतंय का. गाणं तेच. गाणारी तीच. स्पीकरसुद्धा एकाच साच्यातले. तरी ते गाणं गुंडूकाकांच्या कोठीत लागलं की आमच्या आबांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि आमच्या खोलीत लागलं की आबा म्हणतात, "बंद कर गं, पत्र्याच्या डब्यात चमचे खडखडवल्यासारखं वाटतंय." असं का?

मी सुलभा. वय वर्षं बारा. नाव पणजीचं ठेवलंय, त्यामुळे हसायचं काम नाही. आम्ही चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ पूर्णिमा वस्तीत राहतो. आई-बाबा बर्फाच्या खाणीत पाळीवर जातात. आबा म्हणजे माझे आजोबा. ते चंद्रकंप मोजतात, म्हणजे चंद्राच्या पोटात होणारी बारीक थरथर टिपतात. आमच्या खिडकीतून पृथ्वी दिसते, क्षितिजाला टेकलेली, निळी. बाहेर हवा नाही, म्हणून आवाजही नाही. शेजारी डोंगर कोसळला तरी कानाला काही कळायचं नाही. मला याची कधीकधी भीतीच वाटते. म्हणून तर इथे गाण्याची किंमत फार.

आणि गाणं म्हणजे आजीचं. आजी आता नाही. तिचं बारा मिनिटांचं एक ध्वनिमुद्रण मिरजेला आत्याच्या घरी जपून ठेवलंय. आबा रोज संध्याकाळी ते इथे मागवतात. त्यात आजी भूप गाते, आणि मध्येच थांबून स्वतःलाच म्हणते, "थांब गं, खर्ज उतरला." मग हसते. तिच्या तंबोऱ्याची ती सर्वांत जाड तार, खर्जाची, नेहमीच सैल पडायची. आबांना गाण्याइतकंच ते हसू हवं असतं.

त्या दिवशी आबा कोठीतून आले ते डोळे पुसतच. गुंडूकाका म्हणजे वस्तीचे कोठीवाले. तांदूळ, पीठ, डाळी सगळं त्यांच्या ताब्यात. गेल्या वर्षी त्यांनी पृथ्वीवरून 'नादराज' नावाचं यंत्र मागवलं होतं. दूरवरून आलेलं संगीत उतरवून स्पीकरला देणारी महागडी पेटी, बाहेरून तांबं, आतून सोन्याचा मुलामा.

"सुलू, आज नादराजवर तिचं हसू ऐकू आलं मला," आबा म्हणाले. "हसण्याआधीचा श्वाससुद्धा! आपली गाणं उतरवायची डबी टाकाऊ आहे. यंदा आपण नादराज मागवू."

वर्षातून एकदा मालयान येतं आणि प्रत्येक घराला फक्त बारा किलो सामान मिळतं. नादराज भरतो बरोबर बारा किलो. आणि यंदा मिरजेहून येणार होता आजीचा तंबोरा! मी तीन वर्षं गाणं शिकतेय ते पडद्यावरच्या तंबोऱ्यावर. पुढच्या वर्षी आत्या घर बदलणार, तंबोरा गायनवर्गाला देऊन टाकणार. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

"आबा, तुम्ही शब्द दिला होता," मी म्हणाले.

"दिला होता बाळा. पण तंबोरा कुणीही वाजवेल. ती मात्र त्या गाण्यातच आहे."

मी रडले, दार आपटलं. (आमची दारं सरकती आहेत, त्यामुळे आपटण्यातही काही मजा नाही.)

आमचा यंत्रमानव ढब्बू कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, "सुलभाताई, यादी रविवारी जाणार. आज गुरुवार. रडण्यात अकरा मिनिटं गेली."

"गप रे, शहाणा!" मी म्हणाले. पण त्याचं खरं होतं. मी तोंड धुतलं आणि आबांसमोर जाऊन बसले. "आबा, आपल्या डबीत नेमकं येतं तरी काय? आजीचा आवाज?"

शास्त्रज्ञाला प्रश्न विचारला की त्याचा राग, दुःख सगळं बाजूला पडतं. आबा सावरून बसले.

"आवाज नाही येत. आवाजाला हवा लागते, तो पृथ्वीवरून इथवर कसा येईल? येतात आकडे. आजी गायली तेव्हा हवा हलली. त्या हलण्याची उंची यंत्राने मोजली. एका सेकंदात किती वेळा? चव्वेचाळीस हजार शंभर वेळा! अशा प्रत्येक मोजमापाला नमुना (त्या क्षणी लाट किती वर किंवा खाली होती, तो आकडा) म्हणतात. माणसाच्या कानाला ऐकू येणारा बारीकात बारीक सूरसुद्धा या मोजणीतून निसटत नाही."

"मग वाटेत एखादा आकडा चुकला तर?"

"तुला गुणाकाराचा ताळा येतो ना? उत्तर बरोबर की चूक ते पडताळायची युक्ती. तसंच इथे. आकड्यांचे गठ्ठे करतात आणि प्रत्येक गठ्ठ्याबरोबर त्याचा ताळा पाठवतात. ताळा जुळला नाही की डबी मिरजेला कळवते, हा गठ्ठा पुन्हा पाठवा. निरोप जायला सव्वा सेकंद, उत्तर यायला सव्वा सेकंद."

"म्हणजे आपल्या डबीत आलेले आकडे आणि नादराजमध्ये आलेले आकडे..."

आबा ढब्बूकडे वळले. मग म्हणाले, "ढब्बू, दोन्हीकडचे आकडे ताडून बघ."

ढब्बूने हे काम मी पाणी पिऊन येईपर्यंत केलं. "तीन कोटी सतरा लाख बावन्न हजार आकडे. फरक शून्य."

माझ्या अंगावर काटा आला. पावणेचार लाख किलोमीटरांहून जास्त अंतर, मध्ये नुसती काळी पोकळी, आणि तीन कोटींतला एक आकडा इकडचा तिकडे नाही! आजीचा एक श्वाससुद्धा वाटेत सांडला नव्हता. आबाही खिडकीबाहेर पृथ्वीकडे बघत राहिले होते.

"पण सुलू, मी माझ्या कानांनी ऐकलंय," ते हळूच म्हणाले. "आकड्यांची पुन्हा विजेची लाट करावी लागते. ते काम परिवर्तक (आकड्यांतून लाट घडवणारा भाग) करतो. अगदीच भिकार परिवर्तक असेल तर खरखर येते. फरक तिथे असेल."

"मग परीक्षा घेऊ," मी म्हणाले. "कानांची."

शनिवारी आम्ही कोठीत जमलो. गुंडूकाका मूळचे कोल्हापूरचे. त्यांनी नादराजवर फडकं फिरवलं आणि म्हणाले, "नाद खुळा चीज आहे ही! हिच्यासाठी मी वर्षभर लोणच्यावर पाणी सोडलंय. तुमची ती साबणाच्या वडीएवढी डबी काय टिकणार हिच्यापुढे?"

नियम आबांनीच घातले. डबी आणि नादराज दोन्ही पडद्याआड, स्पीकर एकच. "आवाजाची पातळी दोन्हींची तंतोतंत सारखी ठेव, ढब्बू. जरा मोठा आवाज आपल्याला उगाचच जास्त चांगला वाटतो. आणि कुठलं यंत्र लावायचं ते दर वेळी नाणं उडवून ठरव. आम्हा तिघांना सांगू नकोस. डोळ्यांना सोनं दिसलं की कानही सोनं ऐकायला लागतात."

वीस वेळा आजीचं गाणं लागलं. वीस वेळा आबांनी डोळे मिटून सांगितलं, हा नादराज, ही डबी; गुंडूकाका आपली उत्तरं कागदावर लिहीत होते. आबा जिंकले असते तर तंबोरा गेला असता. आणि हरले असते तर त्यांचं ते हसू? ते खोटं ठरणार होतं का? मला कोण जिंकावं तेच कळेना.

"आबांचे अकरा बरोबर, नऊ चूक," ढब्बू म्हणाला. "नुसतं नाणं उडवलं तरी साधारण दहा बरोबर येतात. गुंडूकाकांचे आठ बरोबर आले."

"यंत्र बिघडलंय!" गुंडूकाका ओरडले. "तुमचं, ढब्बूचं, कुणाचं तरी!"

आबा मात्र हलले नाहीत. "पण मला दर वेळी ऐकू आलं," ते पुटपुटले. "वीसच्या वीस वेळा. तिचं हसू, त्याआधीचा श्वास. डबीतूनसुद्धा!"

मी ताडकन उठले. डबी तीच, जी घरी खडखडते. मग इथे एवढी गोड कशी? मी टाळी वाजवली. नुसतं टप् झालं आणि विरलं. मी पळत आमच्या खोलीत गेले, तिथे टाळी वाजवली. टण्ण्‌ण! खोली कितीतरी वेळ झणझणत राहिली.

धापा टाकत परत आले. "आबा, पोती! इथे चहूबाजूंनी पिठाची, तांदळाची पोती आहेत! आणि आपल्याकडे नुसता पत्रा!"

आबांनी कपाळावर हात मारला. मग एवढे हसले की गुंडूकाकाही घाबरले. "काखेत कळसा अन् गावाला वळसा! अहो, मी चंद्राच्या पोटातली थरथर मोजतो आणि घरच्या भिंती विसरलो! सुलू, वहीत एकच ओळ चार वेळा, जराशी सरकवून एकावर एक लिहिली तर वाचता येईल? आपल्या खोलीत तेच होतं. तिचा आवाज आधी सरळ कानात येतो, मग पत्र्यावर आपटून पुन्हा पुन्हा येतो. त्या घुमाऱ्यात (आपटून परतलेल्या आवाजांच्या गर्दीत) बारीकसारीक सगळं बुडतं. पोती मऊ असतात, ती आवाज पिऊन टाकतात."

"म्हणजे माझा नादराज फुकट?" गुंडूकाकांचा चेहरा उतरला होता.

"फुकट कसा? दणकट आहे, दिसतो राजासारखा. तुमची नातवंडंसुद्धा वापरतील. पण आकडे सोन्यातून नेले म्हणून जास्त खरे होत नाहीत, गुंडूराव."

आता आमच्या खोलीत मऊ काय टांगायचं? पोती तर कोठीची. मला माहीत होतं काय ते, पण बोलायचं धाडस होईना. आजीने शिवलेल्या दोन गोधड्या आबांच्या पेटीत तळाशी होत्या. आजी गेल्यापासून त्यांनी त्या उघडल्या नव्हत्या. कुणाला हातही लावू देत नसत.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग घरी येऊन त्यांनी पेटी उघडली. ढब्बूने गोधड्या दोन्ही भिंतींवर ताणून लावल्या. आबांनी डबी सुरू केली, तीच, साबणाच्या वडीएवढी.

आजी गायला लागली. मध्ये थांबली. एक छोटा श्वास. "थांब गं, खर्ज उतरला." आणि ती हसली, आमच्या खोलीत, अगदी शेजारी बसल्यासारखी. आबा गोधडीवर हात ठेवून उभे होते. मला रडू आवरेना, आणि खरं सांगते, ढब्बू या वेळी एकही मिनिट मोजत बसला नाही.

रविवारी यादीत आबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: तंबोरा, एक.

सात महिन्यांनी मालयान उतरलं. मी तंबोरा मांडीवर घेतला आणि तार छेडली. बाहेर अफाट, मुका चंद्र आणि आत तो सूर. मी इतकी भारावले की दुसरी तार छेडायचंच विसरले. मग ढब्बूने माझ्यासमोर माइक धरला. आता आकडे उलट्या दिशेने निघाले होते, चंद्रावरून मिरजेला. आत्या तिकडे फोन कानाला लावून बसली होती.

मी तंबोरा छेडत भूपाची सुरुवात केली. दोनचार ओळी झाल्या आणि थांबले. आबा आणि मी श्वास रोखून उत्तराची वाट बघत होतो. एक सेकंद. दोन सेकंद. अडीच.

आणि आत्याचा भरून आलेला आवाज आला, "थांब गं, खर्ज उतरला."