सात किल्ल्यांचं कुलूप

कामाचा पहिला दिवस होता, म्हणून तिची किल्ली बनवायची होती. बाकी काही नाही.

बर्फाच्या कारखान्यात सुरक्षेचे अहवाल कुलूपबंद मेलने जात. माणूस कामाला लागला की संगणकावर त्याच्या नावाची किल्ली बनायची. ज्याच्या किल्लीसाठी मेल बंद केली, त्यालाच ती उघडता यायची. खाली पाठवणाऱ्याची सही. सही खरी असली की हिरवी खूण, कुणी एक अक्षर जरी हलवलं तर लाल. सगळे ज्याला 'चष्मा' म्हणत, तो आयटीवाला हे जांभया देत सांगत होता. तिला ते पाठ होतं. दादाने शिकवलं होतं.

दादा इथेच सुरक्षा बघायचा. तीन वर्षांपूर्वी दोन नंबरच्या खोलीत अमोनियाचा स्फोट झाला आणि तो गेला. ज्याच्याशिवाय त्याची सही होत नसे, ते गळ्यातलं टोकन त्याच्याबरोबर वितळलं. तो काळा गोळा आईने कपाटात ठेवलाय. कारखान्याचे मॅनेजर म्हणजे सख्खे मामा. भाच्याचे अहवाल ते न उघडताच 'पाहिले' करून टाकायचे, कारण पासवर्ड आठवत नसे. चौकशीत छातीठोकपणे म्हणाले, "मला तर कधी गळतीचा वाससुद्धा आला नाही." दादाची शेवटची मेल मात्र त्यांच्याच काय, कुणाच्याच किल्लीने उघडली नाही. निकाल लागला: मुलाने भलत्याच किल्ल्यांसाठी बंद केली, हलगर्जीपणा त्याचाच. मामांनी मान डोलावली. त्या रात्री तिच्या घरचं दुःख बघायला आले आणि पोटभर जेवून गेले.

तो ठपका पुसायचा म्हणून तिने दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं आणि त्याच मामांपुढे नोकरीसाठी हात पसरला.

"ही बघ ती मेल," चष्मा म्हणाला. "सात किल्ल्यांसाठी बंद केलीय. प्रत्येकीचा नंबर बाहेरून दिसतो. पण सातांतली एकही आपल्याकडे नाही. कधी नव्हतीच. सोड नाद."

तो चहाला गेला. तिने स्वतःची किल्ली बनवली. नंबर आला, शेवटी चार, शून्य, नऊ, सात. तिने यादीकडे पाहिलं. पहिलाच नंबर तो होता.

मागची भिंत तीन नंबरच्या खोलीची. तिच्यातून सकाळपासून येणारी कॉम्प्रेसरची घरघर एकाएकी लांब गेल्यासारखी झाली. डोळ्यांत पाणी आलं. रडू असेल, असं तिला वाटलं. मग नाकात झोंबलं. रडू नव्हतं, अमोनिया होता.

मेल उघडली.

"चिमे, दोन नंबरचं आता काही करता येणार नाही. तीन नंबरचा व्हॉल्व्ह बघायला सांग. सातजण आहेत."

खाली हिरवी खूण. दादाचीच सही. सही केल्याची वेळ, त्याच दिवशीचे चार चाळीस. दादा गेला चार दहाला.

तिने मामांना खेचतच आणलं. त्यांनी नाक वर करून वाचलं.

"वास येतोय ना, मामा?"

"कसला वास? तुझी किल्ली कधी बनली?"

"आत्ता..."

"आणि मेल तीन वर्षांपूर्वीची. किल्ली जन्मायच्या आधी कुलूप लागतं होय गं? ही तूच बनवलीस."

"सही दादाची आहे!"

"मग तर आणखीच वाईट. मेलेल्या भावाच्या सहीशी खेळतेस! हे घेऊन चौकशीला जा, आधी तुलाच आत टाकतील." दारातून वळून म्हणाले, "आईला सांगू नकोस. बिचारीला झेपायचं नाही."

मामांच्या बोलण्यात खोटं काय होतं? जाईल तिथे हेच ऐकायला मिळालं. मेल खरी निघाली, म्हणूनच ती खोटी ठरली. दादावरचा ठपका होता तिथेच राहिला. व्हॉल्व्हकडे कुणी फिरकलं नाही.

चष्मा नोकरी सोडून गेला, किल्ल्या बनवायचं काम तिच्याकडे आलं. नवा वेल्डर आला: यादीतला दुसरा नंबर. मग दोन हमाल एकाच दिवशी: तिसरा, चौथा. पाचव्याला तिने हाताला धरून फाटकाबाहेर नेलं, सगळं सांगितलं. तो हसला. "ताई, घरी चार तोंडं आहेत," म्हणाला आणि आत आला. ती तरी कुठे गेली? तिला कॉलेज सोडता आलं, ही खुर्ची सुटेना. दादाचं अक्षर तेवढं इथेच उघडत होतं.

सहावी किल्ली आज सकाळी बनली.

दुपारी मामा आले.

"पासवर्ड गेला परत. जुनी किल्ली काढून टाक, नवी बनव. तीन नंबरची तपासणी झाली, असं सही करून पाठवायचंय."

"झाली का तपासणी?"

"तू किल्ली बनव."

तिने यादीतला शेवटचा नंबर पाहिला.

"मामा, नको... जुनीच राहू द्या."

"कॉलेज अर्धवट सोडलेल्या पोरीने मला शिकवू नये."

तिने एकदाच नको म्हटलं. मग बटण दाबलं.

नंबर पडद्यावर आला. तिने तो यादीशी ताडून पाहिला नाही. मामा पडद्यावर वाकले होते. ते हळूहळू सरळ झाले, खिशातून रुमाल काढून त्यांनी नाकाला लावला आणि मागच्या भिंतीकडे पाहिलं.

"अगं," ते म्हणाले, "हा वास कसला येतोय?"