वैमानिक हलकी झाली, मग विमान का उठेना?

आठवड्याभरात शाल्मलीचं वजन एक किलोने उतरलं होतं. तरीही विमान उठत नव्हतं.

पायडल मारून उडवायचं हे विमान शास्त्रज्ञ असलेल्या नानांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी बनवलं होतं. त्याचं नाव ‘पतंगी’. रविवारी पाचगणीच्या पठारावर चाचणी होती. पतंगी शंभर मीटर उडाली, तरच धोम जलाशयावरच्या शालेय उड्डाणात जागा मिळणार होती. विमानाच्या दारावर नानांनी लिहिलं होतं, ‘वैमानिक : ४० किलो’. बारा वर्षांची शाल्मली भरली होती एक्केचाळीस.

“मागच्या बुधवारी तू हिला चार फूट उचललंस,” नाना म्हणाले. “आज चाकंही जमीन सोडत नाहीत. टिकोजी, आकडे सांग.”

टिकोजी हा त्यांचा यंत्रमानव. “तेव्हा एकशे चाळीस वॅट (ताकदीचं माप), आज एकशे दहा. ताईंना जमत नसेल तर मला पाय बसवा.”

“गप रे डबड्या!” शाल्मली ओरडली. मग खाली बघत म्हणाली, “नाना, सात दिवस मी रात्री जेवलेच नाही. पोट भरलंय म्हणायचे ना, ते खोटं होतं. पण काटा चाळीसवर आला!”

नानांनी मातीत काडीने एक कोठार काढलं.

“जेवणातली साखर यकृतात आणि स्नायूंत साठते. त्या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात (शरीराचं साखरेचं कोठार). त्याच्या एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहतं. तू रोज पायडल मारलंस, पण रात्री कोठार भरलं नाहीस. साखर गेली, तसं पाणीही गेलं.”

“म्हणजे तो किलो पाण्याचा?”

“बराचसा. नीट जेवलीस की परत येईल. चरबी इतक्या झटपट उतरत नाही. आणि तुझं वाढीचं वय. हाडं, स्नायू बांधायचं सामान ताटातूनच येतं ना?”

शाल्मली पतंगीकडे बघत राहिली. “नाना, यातली बाकीची वजनं नुसती वजनं आहेत. मी मात्र इंजिनही आहे. आणि मी इंजिनाचंच इंधन तोडलं!”

“हे मला दारावर आकडा लिहितानाच सुचायला हवं होतं,” नाना म्हणाले. “चूक माझी.”

“मग किलो दुसरीकडून काढू. ही लाकडी बैठक कशाला? खाटेला असते तशी नवार विणू.”

बैठक निघाली, सव्वा किलो वाचलं.

आजी गेल्यापासून रात्रीची ताटं ते दोघंच मांडत. त्या रात्री सात दिवसांनी नानांच्या समोर पुन्हा कुणीतरी बसलं होतं. शाल्मलीने उसळ दोनदा मागून घेतली. नंतरच्या रात्रीही ती पोटभर जेवली.

रविवारी पतंगी धावली, हलली आणि उठली. नाना काठी विसरून तिच्यामागे चालत सुटले.

“एकशे बारा मीटर!” टिकोजी ओरडला. “इंजिन घामाघूम, पण शाबूत!”

खाली उतरल्यावर शाळेतल्या लहान मुलींनी तिला गराडा घातला. “ताई, तुझं वजन किती गं?”

“एक्केचाळीस!” शाल्मलीने मान ताठ करून सांगितलं. “पुढच्या वर्षी त्रेचाळीस होईल. तेव्हा पंख मोठे करू.”