गोटा म्हणायचं होतं

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. चिंचवड स्टेशनावरच्या घड्याळाकडे मी पुन्हा पुन्हा बघत होते, कारण लोणावळ्याकडची गाडी येत नव्हती आणि कडेवरच्या बाळाचं अंग परत तापायला लागलं होतं. सत्तावन्न साल, माघातला रविवार. ह्यांच्या कारखान्याला सुट्टी. पिशवीत भाकरी, लसणाची चटणी आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला तो गोटा.

गोट्याचं आधी सांगते. हे लढाईच्या वेळी फौजेच्या दवाखान्याबरोबर कोरियात होते, टेगू नावाच्या गावी. एका सुट्टीला ट्रकनं तिथली जुनी राजधानी बघायला गेले. राजांच्या समाध्या म्हणजे गवताच्या टेकड्या, हजार-दीड हजार वर्षांच्या, आपल्या खळ्यावरच्या गंजींसारख्या गोल. दुपारी डोंगर चढून वर गेले, तर दगडी गाभाऱ्यात भला मोठा बुद्ध, तोंड उगवतीकडे. वाटेवर लोकांनी दगडावर दगड रचून ठेवलेले. त्यातल्या एका ढिगावरचा अंड्यासारखा गुळगुळीत गोटा ह्यांना आवडला आणि ह्यांनी तो खिशात टाकला. एक म्हातारा दोन्ही हात हलवत बरंच अंतर मागे आला, पण त्याची भाषा ह्यांना कळेना. नंतर दवाखान्यातल्या एका बाईनं सांगितलं, तिथला एकेक दगड म्हणजे एकेका आईनं लेकरासाठी केलेलं मागणं.

मला हे फार उशिरा सांगितलं. तोवर मी तो गोटा चक्क्याच्या पुरचुंडीवर वजन म्हणून ठेवत होते.

आमची पहिली दोन मुलं गेली. एक बाराव्या दिवशी, एक सव्वा महिन्याचं. ती गेली त्या दोन्ही सकाळी फळीवरचा गोटा घामेजलेला होता, खालचं लाकूड ओलं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. तिसरा झाला तेव्हा माझ्या सासूनं, आत्याबाईंनी, पाचवीलाच त्याचं नाव धोंडू ठेवलं. दगडाच्या नावाचं पोर कोण कशाला नेईल? आणि मला बजावलं, आता घरात कुठल्याही दगडाला धोंडा म्हणायचं नाही. गोटा म्हण, फत्तर म्हण. दहा महिने मी जीभ सांभाळली.

मग माघात बाळाला ताप चढला, आणि गोटा कितीही पुसला तरी ओला.

मी ह्यांच्यापुढे हट्टच धरला, जिथला आहे तिथं ठेवून या. हे म्हणाले, कोरिया काय तळवड्याला आहे? पण रात्रभर ह्यांनाही झोप नसावी. सकाळी म्हणाले, तिथं डोंगरात बुद्ध, इथं घोरवड्याच्या डोंगरातही बुद्धाचीच लेणी. मालक एकच. त्याची वस्तू त्याच्या दारात ठेवू.

देहूरोडला उतरून आम्ही मुंबईच्या सडकेनं चालत गेलो. डोंगर चढताना ऊन लागलं, तरी माझ्या पिशवीची बाजू गार. वर टाक्यापाशी एक म्हातारी शेळ्यांना पाणी पाजत होती. आक्काबाई तिचं नाव. कशाला आलात म्हणून तिनं विचारलं, ह्यांनी खरं ते सांगितलं. ती तोंडाला पदर लावून हसली. डोंगरावर दगड घेऊन आलात, डोंगराला काय दगडांची वानवा हाय व्हय? मग तिनं फडकं उलगडून बघितलं आणि तिचं हसू थांबलं.

“ठिव बाय,” ती हळूच म्हणाली. “पर मुक्यानं ठिव. लेणं ऐकतंया.”

एका लेण्यात महादेव आहे, तिथं घंटा वाजत होती. आम्ही पलीकडच्या ओसाड लेण्याकडे गेलो. बाळाला घेऊन हे बाहेर उन्हात थांबले, मी एकटीच आत शिरले. आत वटवाघळांचा उग्र वास, आणि कुठंतरी थेंब पडत होता... थांबायचा... मी श्वास घेतला की पुन्हा पडायचा. मी चाचपडत मागच्या भिंतीपर्यंत गेले, गोटा खाली ठेवला, हात जोडले. मुक्यानं निघून यायचं होतं. पण देवापुढे काही ठेवून गप्प राहायची सवय कुणाला असते?

“घ्या,” मी म्हणाले. “तुमचा धोंडा तुम्हाला.”

लेणं घुमलं. धोंडा तुम्हाला... तुम्हाला... मग थेंब पडायचा थांबला.

बाहेर आले तर बाळ ह्यांच्या खांद्यावर गप्प. हे खूश. ताप उतरला बघ, म्हणाले, अंग कसं गार पडलंय. मीही हात लावला. गारच होतं. आम्ही उतरायला लागलो. थोडं गेल्यावर ह्यांनी खांदा बदलला. आणखी थोडं गेल्यावर पुन्हा बदलला. टाक्यापाशी हे चक्क खाली बसले. कपाळावर घाम.

“जड झालाय गं,” म्हणाले. “झोपली की पोरं जड होतात... नाही का?”

मी दुपटं बाजूला केलं. डोळे उघडे होते. पापणी हलत नव्हती.

“काय बोललीस आत?” आक्काबाईनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं ह्यांच्या मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं आणि नाव विचारलं. तेही सांगितलं.

“मंग पळ की,” ती म्हणाली.

कशी चढले ठाऊक नाही. लेण्यात शिरले. हाताला गोटा लागला तो कोमट, आणि तळव्याखाली काहीतरी बारीक धडधडत होतं. माझ्याच हाताची नाडी असेल, असं मी अजून स्वतःला सांगते. पोटाशी धरला आणि जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडले, माझा धोंडा मला. खालून टाक्यापासून बाळाचं रडणं आलं. तसं रडणं मी त्याच्या जन्माच्या वेळीच ऐकलं होतं.

दोघांना घेऊन घरी आलो.

आता दोन वर्षं झाली. धोंडू चालतो, बोलतो, भाकरी खातो, पुन्हा ताप नाही. गोटा त्याच्या उशाशी असतो. गार लागू नये म्हणून मी तेव्हाच दोघांना एकाच कापडाची टोपरी शिवली होती. धोंडूचं त्याला अजून तेच बसतं. गोट्याचं मी तीनदा उसवून मोठं केलं.

आमच्याकडे याल तेव्हा, केवढा झाला, असं विचारू नका. मला कुणाकडे बघून सांगावं कळत नाही. आणि तुमच्या ओळखीत कुणाचा धोंडू, दगडू असेल, तर त्याच्या आईला आठवणीनं सांगा, घोरवड्याच्या लेण्यात काही ठेवायचंच झालं तर मुक्यानं ठेव. एवढं चार घरी पोचवा.